भ्यायला शिकवणारे सोनकांबळे सर

सोनकांबळे सर एसटीत कायम ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसायचे. ती सीट मिळाली नाही तर गाडी सोडून द्यायचे. "ठोकायची वेळ आली की ड्रायव्हर आधी आपली बाजू वाचवतो," हे त्यामागचं त्यांचं शास्त्र. एकदा परभणीच्या स्टँडवर त्यांनी या पायी इतक्या गाड्या सोडल्या, की आमच्या दवाखान्याची तपासणी करायला पोचले तेव्हा आम्ही कुलूप लावून निघालो होतो. तरी खूश होते. जिवंत पोचले होते ना!

आम्ही नुकतेच एमबीबीएस झालेले शिकाऊ डॉक्टर. काही महिने खेड्यात काढायचे होते, आणि आमच्यावर नजर ठेवायला कॉलेजनं सरांना परभणीत बिऱ्हाड करून बसवलं होतं. विषय सामाजिक आरोग्य. पोरांच्या भाषेत झोपेचा तास. पण सरांच्या तासाला कुणाची बिशाद झोपायची? शेंगदाण्यापासून सुरू करायचे. शेंगदाणा पोराच्या श्वासनळीत कसा अडकतो, याचं वर्णन ते असं करायचे की मी गंगाखेडला घरी गेल्यावर भाच्याच्या हातातली चिक्की हिसकावून घेतली. बहीण दोन महिने बोलली नाही.

भेटले की नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय देशमुख, घाबरलात का?"

"नाही सर."

लगेच चेहरा पडायचा. "का बरं? काय अडचण आहे?"

यावरच त्यांचं संशोधन चाललं होतं. खेड्यात आलेल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला ते पहिल्या दिवशी विचारायचे, तुम्हाला इथं कशाची भीती वाटते. जाताना पुन्हा तेच. येताना सगळे सापाचं नाव घ्यायचे. जाताना एखादा म्हणाला, "पिण्याच्या पाण्याची," की सर त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजायचे. "काय झालं म्हणजे काय करायचं, हे कॉलेज शिकवतं. कशाला भ्यायचं, हे कोण शिकवणार, तुमचा काका?" मी पहिल्या दिवशी म्हणाले होते, "तुमची." सरांनी मान डोलावली आणि गंभीरपणे लिहून घेतलं.

पंख्याखाली बसायचे नाहीत. जेवताना हसायचे नाहीत, दुसऱ्याला हसू द्यायचे नाहीत. एका पोराच्या लग्नात त्यांनी खिशातलं मलमलचं फडकं काढलं, पेल्यावर घातलं आणि पाणी गाळून प्यायले. नवरीचा बाप लालबुंद. सर त्याला समजावून सांगायला गेले, पाण्यातून काय काय होतं ते, सगळं, पंगतीत. नवरीकडच्या निम्म्या मंडळींनी पाणीच घेतलं नाही.

आता नारूचं सांगते. तुमच्यातल्या तरुण मंडळींनी बघितला नसेल, नशीब तुमचं. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि उन्हाळ्यात पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. ओढून काढला तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. माणूस महिना महिना खाटेवर. आमच्या दवाखान्याच्या गावात, ताडकळसच्या पुढं होतं ते, नाव सांगत नाही, त्या वर्षी घरटी एक पाय बांधलेला होता.

सरांनी आम्हाला घरोघर फिरवलं. सगळी माहिती जमली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. गाव पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं. बाया पायऱ्या उतरून पाण्यात शिरायच्या आणि घागर बुडवायच्या. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीला त्या विहिरीवर मनाई होती, म्हणून तिथं सरकारी हापसा बसवलेला. गावात नारूच नारू, वस्तीत एकही नाही. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "हे बाहेर बोलायचं नाही," म्हणाले. "आधी मी बोलतो. मला याची भीती वाटते."

आम्हाला वाटलं, झालं यांचं सुरू.

आमच्यातला सुधीर लातूरचा, हुशार आणि तोंडाला कुलूप नसलेला. सरपंचाच्या ओसरीवर चहा पिताना त्यानं हापशाचं कौतुक म्हणून सांगून टाकलं, "नारू सगळा गावात आहे. वस्तीत औषधालासुद्धा नाही."

 मग एकानं विचारलं, "आस्सं? त्यानला कामून न्हाई?"

दिवस कसे होते ते सांगायला हवं. विद्यापीठाच्या नामांतरावरून खेड्याखेड्यांत वस्त्या जळल्या होत्या, त्याला फार वर्षं झाली नव्हती. मोर्चा निघाला की पुन्हा धग यायची. अशात सुधीरचं वाक्य गावभर फिरलं, आणि सकाळपर्यंत त्याचं झालं, 'त्यांनी विहिरीत काहीतरी टाकलंय.'

सकाळी हॉटेलवाल्यानं आम्हाला चहा दिला नाही. दवाखान्यात गावातला एकही पेशंट नाही. वस्तीतली एक बाई पोराला दाखवायला आली, तर तिच्या काखेत कपड्यांचं बोचकं. मी म्हटलं, "कुठं निघालात?" ती म्हणाली, "मायघरी जायलेय बाई. पारावर रॉकेलच्या गोष्टी चालल्यात म्हनं."  सुधीर कोपऱ्यात बसून रडायला लागला. मी शेजारच्या गावच्या पोस्टातून सरांना फोन लावला.

सर जीपनं आले, ड्रायव्हरच्या मागं बसून. सर बौद्ध. एरवी हे लिहायचं कारण नव्हतं, पण गावाला आडनावावरून माहीत होतं, आणि जीप पारावरून गेली तेव्हा तिथली माणसं उठून उभी राहिली, ती काही मान द्यायला नाही. मी म्हटलं, "सर, पोलीस बोलावू या." ते म्हणाले, "बोलावलेत. तालुक्यावरून यायला संध्याकाळ होईल. तोवर बोलावं लागेल." त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

सरपंचाची ओसरी गच्च भरली होती. सरपंचाची आई, सोजरबाई, मधोमध बाजेवर. सगळं गाव तिच्या शब्दात. तिचा उजवा पाय चिंधीनं बांधलेला, चिंधीत काडी, काडीला नारू. सरांनी विहिरीचं पाणी मागवलं, पांढऱ्या बशीत ओतलं आणि उन्हात धरून सोजरबाईच्या हातात भिंग दिलं. पाण्यात बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"हेच टाकलं की त्यांनी," मागून कुणीतरी म्हणालं.

"हे किडे टाकावे लागत नाहीत. पायऱ्यांच्या विहिरीत असतातच. त्यांच्यात नारू कुठून येतो, ते सांगतो." सरांनी खांब धरला.  "मावशी, पायाची आग होते तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करू? हिरीवर जाऊन पान्यात पाय सोडून बसते. थंड वाटतं."

"सगळेच बसतात?"

"बसत्यात की."

"पाय पाण्यात गेला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. हे किडे त्या पिल्लांना गिळतात, आणि घागरीतून तुम्ही किडे गिळता."

सरपंच ताडकन उठला. "माझ्या आईवर आळ घ्यायलाव? तुमी?"

 सर म्हणाले, "मला भ्या वाटायलंय सरपंच. लय वाटायलंय." तोवर कधी त्यांच्या तोंडून गावाकडची बोली ऐकली नव्हती. "पन एक सांगा. त्या विहिरीच्या पायरीला वस्तीतलं मानूस कधी शिवलंय का? शिवू दिलंय तुमी? मग टाकलं कुनी आन कवा?"

  सोजरबाईनं बांधलेला पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला. तिच्या नातीच्या गुडघ्यालाही नारू होता. पोरगी गेले वीस-पंचवीस दिवस चालत नव्हती.

"म्हंजी पोरीला मीच दिला म्हनायचा का?"

सर म्हणाले, "मावशी, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

म्हातारीनं भिंग खाली ठेवलं. मग लेकाला म्हणाली, "वस्तीकडं कुनी फिरकलं तर माझं मेलेलं तोंड बघाल. आन सुनेला सांग, घागर घे. हापशावर जा. पायऱ्या उतरायच्या न्हाईत आजपून."

मला वाटलं, मिटलं. सर जीपजवळ आले आणि चढलेच नाहीत. "तुम्ही परभणीला जा, देशमुख. मी वस्तीत थांबतो. म्हातारीचा शब्द गावाला लागू. बाहेरगावची पोरं आली तर?"

"पोलीस येणारच आहेत की सर. आता नका घाबरू, काही होत नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, मी शिवी दिली.

"असंच मी मायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "नामांतराच्या वेळी गावी एकटी होती. तिनं निरोप धाडला, गावात कुजबुज आहे, येऊन घेऊन जा. कॉलेजात पोरांच्या परीक्षा चालू होत्या. मी उलट निरोप दिला, घाबरू नको, काही होत नाही. तिनं माझं ऐकलं. शिकलेला लेक सांगतोय म्हणून बोचकं सोडलं आणि घरात बसली. घर पेटल्यावर मागच्या दारानं निघाली. दिवसभर ज्वारीत पडून होती. मी गेलो तिसऱ्या दिवशी." चष्मा पुसत म्हणाले, "तेव्हापासून कुठल्याच खेड्यात पाय ठेवत नाही ती. माझ्याकडंच असते. तिला जाऊन सांगा, मी आज येत नाही. काय घडलं ते खरं सांगा. खोटं तिला आवाजावरून कळतं."

परभणीपर्यंत मी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. सरांची आई दारातच बसली होती. एवढीशी, पांढऱ्या लुगड्यातली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती मग उठली आणि चुलीपुढं बसली. मला वाटलं, धक्का बसला बिचारीला. तर भाकरी थापायला लागली, एक झाली, दुसरी झाली, थांबेचना. टोपलीभर भाकरी नि ठेचा धडप्यात बांधला आणि पायात चपला घातल्या.

"आजी, कुठं?"

"गाडी हाय न्हवं तुझी? चल."

जीपमध्ये ती पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती. गाव दिसायला लागलं तसा तिनं पदर कपाळावर पुढं ओढला. मी म्हटलं, परत फिरू या. तिनं मान हलवली. पारावरून जाताना तिनं डोळे मिटून घेतले.

वस्तीत पोलिसांची गाडी येऊन उभी होती. हापशावर सरपंचाची सून घागर भरत होती, वस्तीतली एक बाई तिला हापसून देत होती. दोघी बोलत नव्हत्या. सर जवळच एका बाजेवर बसलेले. जीपमधून आईला उतरताना बघून ते धडपडत उठले.

"माय! तू कशाला आलीस?"

म्हातारीनं भाकरीचं गाठोडं बाजेवर ठेवलं. तिला धाप लागली होती.

"तू एकला व्हतास," ती म्हणाली.

सर बाजेवर सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.