अकराची कॅप्सूल

मुलाचा डबा ही घरची खाजगी बाब नसून राष्ट्राची जबाबदारी आहे, हे आता सुशिक्षित समाजाने मान्य केलेले आहे. बंगळूरच्या येलहंक्यातल्या एका शाळेने तर त्यासाठी 'निरोगी डबा समिती'च नेमली. तूप, तळण आणि वरचे मीठ यांना फाटकावर बंदी झाली. पहिल्या सत्रात एकतीस पापड, नऊ बटाटेवडे आणि एक संशयित चकली जप्त झाली. (जप्त मालाची विल्हेवाट समितीने शिक्षकांच्या खोलीत बसून स्वतः लावली.)

सुहासची पाच वर्षांची वेदिका याच शाळेत यूकेजीत होती. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. या आजारात छातीत चिकट कफ साठतो, घामातून मीठ निघून जाते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी तिला भरपूर तूप, तळण आणि वरचे मीठ द्यायला सांगितले होते. शिवाय प्रत्येक खाण्याआधी पचनाची एक कॅप्सूल. समितीची यादी आणि डॉक्टरांची यादी इतकी तंतोतंत जुळलेली क्वचितच पाहायला मिळते.

खरे तर अडचण काहीच नव्हती. वर्गाच्या आया गंगव्वा रोज अकराला, डबा उघडण्याआधी, कॅप्सूल फोडून चमचाभर जॅममधून देत आणि तुपातली पुरी कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने आडव्या उभ्या राहत. दोन महिन्यांत पोरीचे वजन चौदा किलोवर गेले. मात्र या वजनाला लेखी आधार नव्हता. सुहास सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर. लेखी आधाराशिवाय सुरळीत चाललेली गोष्ट त्याला बघवत नसे. चाललंय ते चालू दे, असे बायकोने, नयनाने, दोनदा सांगून पाहिले. त्याने एकोणीस पानांची फाइल केली. अनुक्रमणिका, चार परिशिष्टे, वजनाचा आलेख. 'हा आजार संसर्गजन्य नाही' हे वाक्य पान तीनवर, ठळक अक्षरांत.

समितीने फाइलीचे मनापासून स्वागत केले आणि ती पान दोनपर्यंत वाचली. पान दोनवर खोकला होता. त्यामुळे वेदिकाला खिडकीपाशी स्वतंत्र बाक मिळाले ('ताजी हवा' या सदराखाली). तुपाचा विषय उपसमितीकडे गेला. गंगव्वांकडे औषध देण्याचे प्रमाणपत्र नाही, हेही फाइलीमुळेच उघडकीस आले. यापुढे कॅप्सूल नर्सने किंवा शाळेतल्या कोणत्याही मुलाच्या पालकाने द्यावी, असे ठरले. नर्सची जागा मंजूर होती, भरलेली नव्हती.

"आमालाबी वाईट वाटतंय हो सर," समितीच्या प्रमुख शिवलीला मिस म्हणाल्या. त्या मूळच्या निपाणीच्या. "पण तुमीच लिहून दिलं की. कागदावर आल्यावर आमी काय करायचं?"

ऑफिसात सुहास स्वतः लोकांना हेच सांगत असे. फाटकापाशी गंगव्वा भेटल्या. "कशाला लिहायला गेलात, अण्णा?" एवढेच त्या म्हणाल्या.

नयनाची नोकरी देवनहळ्ळीला, सुहासची जयनगरच्याही पलीकडे; दोन्ही शाळेपासून लांब. रजा संपेपर्यंत दोघांनी आलटून पालटून अकरा गाठले. मग वेदिका कॅप्सूलशिवायच खाऊ लागली आणि दुपारभर पोट धरून बसू लागली. महिन्याभरात वजन तेरा किलो. सुहासने आलेखाची वही उघडली, पण रेघ खाली न ओढताच ती मिटली. आपणच पोरीच्या तोंडचा घास काढला, असे त्याला वाटत होते, आणि ते खरेही होते.

शाळेला मात्र भावना होत्या. वार्षिक समारंभात वेदिकाला 'छोटी योद्धा' म्हणून मंचावर बोलावण्यात आले. पालकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्या तीन रांगांत सर्रास डोळे पुसले गेले.

त्याच संध्याकाळी सुहासने पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारले: यातली साठ घरे शाळेसमोरच्याच सोसायटीत आहेत, तर रोज अकराला दोन मिनिटे येऊन कुणी कॅप्सूल देईल का? तासाभरात उत्तरादाखल जोडलेले हात आले, दोनशे बारा. अकराला येतो म्हणणारे, शून्य.

हे वाचून आपल्यालाही भरून आले असेल. त्याची नोंद घेतली आहे. दोनशे तेरा.