पान उघडून राहिलंय

"एक पान. फकस्त एक पान पुरं उघडून दाखवा," रूपाली बाजाराची पिशवी उचलत नवऱ्याला म्हणाली. "मी येऊस्तोवर उघडलं, तर ऱ्हाऊ द्या तुमचा डब्बा. न्हाई उघडलं तर येताना मल्लेश भंगारवाल्याला संगंच घेऊन येते. मला तिथं शिलाई मशीन ठेवायचीय."

"उघडणारच," संघपाल म्हणाला, पण जरा हळूच.

डब्बा म्हणजे संघपालचा जुना कॉम्प्युटर. नांदेडला पतसंस्थेत नोकरी लागायच्या आधी जळकोटला त्याचा सायबर कॅफे होता. त्या कॅफेतलं एवढंच काय ते उरलं होतं. आत ब्राउझरही तोच, निळ्या 'ई'चा. हल्लीची पोरं मोबाइलवर बोट फिरवतात आणि जग हजर होतं, यात संघपालला काडीची मजा वाटत नसे. पूर्वी पानाची वाट बघावी लागे. फोटो वरून खाली हळूहळू उतरे, माणसं श्वास रोखून बसत आणि तेवढ्यात कुणी त्याच तारेवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात. त्या वाट बघण्यातलं सुख आता कुणालाच नको होतं आणि याचं त्याला मनापासून वाईट वाटे.

साक्षीदार असावा म्हणून त्यानं वैजनाथला फोन केला. वैजनाथ म्हणजे कॅफेचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एकटा येईल तर तो वैजनाथ कसला? नांदेडात स्थायिक झालेली जळकोटची आख्खी टोळी घेऊन तो दारात उभा राहिला.

"चपला भाईर!" संघपाल ओरडला. "व्हायरस शिरतो!"

हा कॅफेचा पहिला नियम होता. चपलांच्या धुळीतून कॉम्प्युटरला व्हायरस होतो, याबद्दल त्या काळी सगळ्या तालुक्यात एकमत होतं. मंडळींनी हौसेनं चपला काढल्या. दुसरा नियम असा, की पान उघडत असताना कुणी ब्र काढायचा नाही. तोही सगळ्यांना पाठ होता. मधल्या काळात उंदरांनी त्या डब्ब्यात सुखानं संसार केला होता आणि मशीन तापल्यावर त्याचा वास खोलीभर पसरला. म्हणून संघपालनं मॉनिटरपुढं चांगल्या चार-पाच अगरबत्त्या लावल्या.

मग त्यानं एक पान उघडायला घेतलं. 'हे पान दाखवता येत नाही,' असं मशीननं कळवलं. दुसरं घेतलं, तेच. रेल्वेचं घेतलं, वर्तमानपत्राचं घेतलं, तरी तेच. आजकालच्या पानांना तो जुना ब्राउझर ओळखतच नव्हता. संघपालनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मागं सतरंजीवर टोळी माना खाली घालून चिडीचूप बसली होती.

नेमक्या याच वेळी शेजारच्या शिवम्मा दारातून डोकावल्या. बाहेर चपलांचा ढीग, आत धूर, मान खाली घालून बसलेले पुरुष आणि पुढं डोकं धरून बसलेला संघपाल. त्याचे वडील ग्यानोबा गेल्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी आले होते. शिवम्मांना खरं तर विचारायची गरजच नव्हती, तरी त्यांनी वैजनाथला हातानंच 'काय झालं?' म्हणून खूण केली. नियमाला जागून वैजनाथनं ओठांवर बोट ठेवलं आणि खिन्नपणे मान हलवली.

ग्यानोबा तेव्हा चौकातल्या कटिंगच्या दुकानात मिशीला कलप लावून घेत होते.

"अय्यो, ग्यानोबाकाका गेले की गं!" शिवम्मांनी गल्लीत वर्दी दिली. "त्या घरी आज चूल पेटायची न्हाई. तू पिठलं टाक, मी भाकरी थापते."

गल्ली मायाळू होती. बघता बघता टोपलीभर भाकरी आणि पातेलंभर पिठलं तयार झालं. बायाबाप्ये आले, चपला काढून गुपचूप आत बसले. चपला आता रस्त्यापर्यंत पोचल्या.

संघपालची दाराकडं पाठ होती. खोली भरत चालल्याचं त्याला नुसतं जाणवत होतं आणि त्यानं त्याला हुरूप येत होता. एकदम त्याला आपली सीडी आठवली. कॅफेच्या दिवसांत त्यानं स्वतःच्या हातानं एक पान बनवलं होतं, 'माझे घर' नावाचं. त्यात बाबांचा फेटा बांधलेला मोठा फोटो होता. त्यानं सीडी शोधली, बनियनला पुसली आणि आत सरकवली. मशीन कण्हलं. पानाचं नाव आलं आणि खाली फोटो उतरू लागला.

आधी फेटा आला. मग कपाळ. शिवम्मांना हुंदका आवरेना. भुवया आल्या तशा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. डोळे आल्यावर तर वैजनाथही मुसमुसायला लागला. कारण त्याला माहीत नव्हतं, पण सगळेच रडत होते.

मागचे हुंदके ऐकून संघपालनंही डोळे पुसले. इतक्या वर्षांनीही जुन्या ब्राउझरवर लोकांचा एवढा जीव असेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

इतक्यात खुद्द ग्यानोबा आले. चपला बघून त्यांनीही चपला काढल्या आणि दाराशी सगळ्यांच्या मागं बसले.

"कोन गेलं बापा?" त्यांनी पुढच्या माणसाला हळूच विचारलं.

"ग्यानोबाकाका," तो माणूस मागं न बघता म्हणाला. "लई भला माणूस. आसा माणूस व्हनार न्हाई."

"हाव?" ग्यानोबा चकित झाले. जन्मात त्यांच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. आणखी काय काय म्हणून राहिलेत ते तरी ऐकावं, म्हणून ते गप्प बसले आणि पुढं आलेली भाकरीही त्यांनी घेतली.

रूपाली मल्लेशला घेऊन आली, तेव्हा चपला बघूनच तिला वाटलं, सासऱ्यांचं काहीतरी झालं. ती धावत आत आली.

"मामा! तुम्ही तर हितं बसलाव! मग कोन गेलं?"

सगळ्या माना वळल्या. शिवम्मांनी किंकाळी फोडली.

"आरडू नको गं," ग्यानोबा म्हणाले. "पिठलं झ्याक झालंय."

संघपालनं पहिल्यांदाच मागं वळून पाहिलं. "पान उघडून राहिलंय," तो एवढंच म्हणाला.

सगळ्यांनी पडद्याकडं बघितलं. फोटो मिशीपर्यंत येऊन थांबला होता. आतली सीडी नुसतीच घरघरत होती.

"उघडून राहिलंय, उघडलं न्हाई," रूपाली म्हणाली. घाबरून गेलेल्या बाईचा राग होता तो. "मल्लेशभाऊ, उचला."

मल्लेशनं मॉनिटरला हात घातला.

"थांब रे!" ग्यानोबा उठले. पडद्यासमोर जाऊन त्यांनी स्वतःची वीस वर्षांपूर्वीची मिशी डोळे भरून पाहिली. "आरं, मी अजून अर्धाच आलोय. अर्ध्या मानसाला भंगारात घालता व्हय?"

"पण मामा..."

"खालचा येऊ दे पोरी. पुरा आलो की खुशाल न्या. तवर ह्याला कुनी हात लावायचा न्हाई."

मघाशीच ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, त्यांना नाही कसं म्हणायचं? रूपालीनं पिशवी खाली ठेवली. मल्लेशनं हात काढून भाकरी घेतली. सगळी गल्ली पुन्हा पडद्याकडं तोंड करून बसली.

संघपाल सगळ्यांच्या पुढं बसला. पानं उघडावीत म्हणून त्यानं अर्धं आयुष्य वाट बघितली होती. आज पहिल्यांदाच, समोरचं पान कधीच उघडू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं.