शेवंतीचा कडक उपवास

खोगीर एकदा उन्हात टाकावं, एवढंच सहादेवने ठरवलं होतं. त्यापुढचं सगळं आपोआप घडलं, असं तो आजही शपथेवर सांगतो. (रंगुबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, मत वेगळं आहे. पण तिला शपथ घ्यायला कुणी सांगितलेलं नाही.)

सहादेवची सोनईत पिठाची गिरणी. गिरणीमागच्या अंगणात शेवंती बांधलेली असायची. शेवंती म्हणजे त्याची पांढरी घोडी. उंचीने ती बेताचीच, खरं पाहता तट्टूच, पण तिला कुणी तट्टू म्हटलं तर सहादेव त्याचं दळण दोन दिवस मागे ठेवायचा. आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्यावर बसून परण्याला, म्हणजे लग्न लागायच्या आधी मारुतीच्या दर्शनाला, जाऊन आले होते. हल्ली मात्र नवरदेवांना मोटारीच्या टपातून डोकं बाहेर काढून हात हलवत जायचं असतं. त्यामुळे शेवंतीला काम उरलं नव्हतं. खाणं तेवढं पूर्वीसारखंच चालू होतं.

तर खोगीर उन्हात टाकलं, झटकलं, आणि आता झटकलंच आहे तर घालून बघू म्हणून सहादेवने ते शेवंतीच्या पाठीवर चढवलं. एकुलत्या एका लेकीचं, राजेश्वरीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. नवरदेव पार्थ संगमनेरचा. आपला जावई आपल्याच घोडीवरून परण्याला जाणार, हे सहादेवने साखरपुड्यातच माईक हातात घेऊन जाहीर केलं होतं.

त्याने पोटाखालून पट्टा घेतला. इकडून ओढला, तिकडून ओढला. पट्ट्याची दोन्ही टोकं लांबूनच एकमेकांकडे बघत राहिली.

"रंगू, पट्टा आखडलाय गं!"

रंगुबाई धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. तिने एकवार बघितलं. "पट्टा न्हाई आखडला. घोडी फुगलीया."

"फुगायला ती काय पुरी हाय?"

"मग पट्ट्यालाच इचारा," असं म्हणून रंगुबाई धुणं वाळत घालायला गेली.

ही बातमी राजेश्वरीने फोनवर पार्थला सांगितली, पार्थने वडिलांना, आणि संध्याकाळी व्याही भागवतराव यांचाच फोन आला.

"सहादेवराव, आसं कळलं की घोडी जरा अंगानं सुटलीया. मी काय म्हनतो, श्रीरामपूरला एक नाचनारी घोडी हाय. उंच, देखनी. पायाला लाइटिंग बी लावत्यात. सांगून टाकू का?"

सहादेवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपल्या दारात घोडी असताना आपल्याच लेकीच्या लग्नात भाड्याची घोडी! तीही दिवे लावलेली!

"माझी शेवंती मारुतीपुढं नाचत नसती, नमस्कार करती," तो म्हणाला. "वैशाखापोतर पट्टा बसला न्हाई, तर खुशाल आना तुमची लाइटिंग."

शब्द तोंडातून गेला. आता पट्टा बसवणं भाग होतं.

जनावरांच्या डॉक्टरीण अश्विनी मॅडम वयाने लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी दवाखान्याच्या अंगणात शेवंतीच्या छातीभोवती टेप फिरवला, मानेवर हात दाबून पाहिला, चारही खूर उचलून बघितले.

"काका, ही लठ्ठ आहे."

आपल्यालाच कुणी भर बाजारात म्हणावं तसं सहादेवला लागलं. "बाळसं हाय ते, मॅडम."

"चौदा वर्षांच्या घोडीला बाळसं?" मॅडम हसल्या नाहीत. "काही जनावरांचं अंगच असं असतं. थोडं खाल्लं तरी चरबी धरतात. अशीच वाढत गेली तर खुरं धरतील, म्हणजे आतून सुजतील, मग वरात सोडा, अंगणातसुद्धा चालणार नाही. हरभरा बंद. भरडा बंद. लसूणघास बंद. वाळलेलं गवत द्यायचं, तेही मोजून."

"मग जगायचं कशावर तिनं?"

"गवतावर जगेल. पण नुसत्या गवतातून जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे मिळत नाहीत. खाणं कमी करायचं, पण ते कमी पडू द्यायचं नाही. त्यासाठी ही पावडर. रोज एक माप, मूठभर ओल्या कोंड्यात कालवून. बाकी काही नाही. कळलं?"

"कळलं," सहादेव म्हणाला. (कळलं नसताना माणूस जितक्या ठामपणे म्हणतो, तितक्याच ठामपणे.)

घरी येऊन त्याने अंगणात उभं राहून सांगितलं, "आजपासून शेवंतीला उपास हाय. कडक."

उपवासातलं त्याला बरंच कळत असे. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही चुकवत नसे.

पहिल्या दिवशी पावडर कालवलेला कोंडा त्याने शेवंतीपुढे धरला. शेवंतीने वास घेतला, सहादेवकडे बघितलं आणि अशी जोरात फुरफुरली, की सगळी जीवनसत्त्वं सहादेवच्या मिशांवर बसली. दुसऱ्या दिवशी क्षार कानात गेले. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. स्वतःच्या फराळाचा शेंगदाण्याचा लाडू तोंडाशी नेता नेता सहादेव थांबला. त्याने लाडू फोडला, त्यात पावडर भरली, पुन्हा वळला आणि शेवंतीपुढे धरला. शेवंतीने तो खाल्ला आणि तळहातही चाटून लख्ख केला.

"आवं, त्यात गूळ हाय!" रंगुबाई ओरडली. "मॅडम काय म्हनल्या हुत्या?"

"हरभरा बंद, भरडा बंद, घास बंद. गुळाचं नाव तरी काढलं का त्यांनी?"

"पर उपास..."

"शेंगदाना आन गूळ उपासाला चालतो का न्हाई?"

"चालतो."

"मग झालं तर!"

माहेरी, सासरी, कुठेच असा प्रश्न रंगुबाईला कुणी घातला नव्हता. शिवाय त्याच वेळी तिच्या स्वतःच्या ताटलीत साबुदाण्याची खिचडी होती, दुसऱ्यांदा घेतलेली.

अख्खं माप एका लाडवात मावत नव्हतं, म्हणून लाडू चार झाले. रोज तेच खाऊन मुका जीव कंटाळेल, म्हणून मधून मधून राजगिऱ्याचे. लाडू गोड पडतात, तोंड बदलायला उकडलेलं रताळं. रताळ्याने घसा सुकतो, त्यावर केळी. एकदा साबुदाण्याची खिचडीही दिली. ती शेवंतीने चाखली आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बिनमिरचीची केली. मात्र हरभऱ्याचा एक दाणा सहादेवने तिच्या तोंडाला लागू दिला नाही. एकदा गिरणीतून उडालेलं बेसन तिच्या नाकावर बसलं, तर त्याने ते ओल्या फडक्याने पुसून काढलं.

रविवारची अडचण वेगळी होती. पांढरी घोडी म्हणजे खंडोबाचं वाहन, म्हणून आळीतल्या बायका रविवारी शेवंतीला भाकरी-भरताचा नैवेद्य आणत. सहादेव दारातच आडवा उभा राहिला.

"न्या माघारी. तिला उपास हाय."

"घोडीला?" त्यांतल्या रतनबाईंनी पदर सावरला. "कशाचा वं?"

"कडक."

बायका देवभोळ्या होत्या. उपवास मोडायचं पाप कुणालाच नको होतं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. रतनबाईंच्या हातात भगर होती, कुणाकडे शिंगाड्याचा शिरा, कुणाकडे खजूर.

"समदं उपासाचं हाय, भाऊ," रतनबाई म्हणाल्या. "मीठसुदिक शेंदेलोण घातलंय."

सहादेवला भरून आलं. एका मुक्या जनावराच्या उपवासाचा गाव एवढा मान ठेवतं म्हणजे काय!

माघ सरला तेव्हा त्याने पुन्हा पट्टा लावून पाहिला. आधी दोन टोकांत चार बोटांचं अंतर होतं. आता वीत मावली.

सहादेव आधी चकित झाला, मग संतापला. एवढा कडक उपवास, एक दिवस खाडा नाही, आणि हे फळ? नक्कीच पावडरीत काहीतरी आहे! त्याने शेवंतीचा दोर सोडला, डबा काखेत मारला आणि भर दुपारी दवाखाना गाठला. चालून दोघांनाही धाप लागली होती. त्यातल्या त्यात शेवंतीला कमी.

"मॅडम, ही घ्या तुमची पावडर! वजन कमी करायची म्हनून दिली, आन घोडी दुप्पट केली! गरिबाच्या जनावरावर काय प्रयोग लावलेत का?"

मॅडमनी शांतपणे टेप फिरवला. मग टेपकडे बघितलं, मग सहादेवकडे.

"हरभरा?"

"बंद!"

"भरडा? घास?"

"बंद म्हंजे बंद! कडक उपास हाय तिला."

"बरं. आणि उपवासाला काय देता?"

"उपासाचंच!" सहादेवचा आवाज चढला. एवढं शिकून हे काय विचारायचं? "लाडू, रताळी, केळी. रविवारी भगर, शिरा. दुसरं काय देनार? आन्नाचा कन न्हाई पोटात!"

दवाखान्यात म्हशी, शेळ्या घेऊन आलेली माणसं होती. आधी एकजण खोकला. मग सगळेच खोकायला लागले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काका, घोड्याच्या पोटाला एकादशी कळत नाही. गुळाने तिची खुरं कधीच धरायला हवी होती. नशीब तुमचं. पावडर तिला हवीच आहे. तिच्याभोवतीचा लाडू नको आहे."

"पर कोंड्यातनं ती खात न्हाई."

"लाडू मिळतोय हे माहीत असल्यावर कोंडा मीसुद्धा खाणार नाही."

सहादेव डबा पुन्हा काखेत मारून घरी आला.

त्यानंतर पावडरीचा डबा रंगुबाईने आपल्या ताब्यात घेतला. कोंडा पुढे ठेवायचा आणि मागे वळूनही न बघता निघून यायचं, एवढीच तिची पद्धत. शेवंतीने दोन दिवस रुसवा धरला, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने टोपलं चाटलं. सकाळ-संध्याकाळ तिला फिरवायचं काम सहादेवकडे आलं. पायवाटेने दोघं जात, एकमेकांकडे न बघता. रविवारी रतनबाई आल्या की रंगुबाई त्यांना चहा पाजून नैवेद्यासकट माघारी धाडायची. चैत्रात पट्टा शेवटच्या भोकात बसला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिसऱ्या भोकात! खूर चकचकीत, अंगावर पाण्यासारखी झळाळी. अश्विनी मॅडम लग्नाला आल्या, तेव्हा आहेर देण्याआधी शेवंतीला बघून आल्या.

"शाबास," त्या म्हणाल्या. सहादेवने मान लववली. (त्या रंगुबाईला म्हणाल्या होत्या.)

संगमनेरच्या गाड्या आल्या. सहादेव फेटा बांधून, शेवंतीला घेऊन सामोरा गेला. पुढच्या गाडीचं दार उघडलं आणि पार्थ उतरला. तो उतरल्यावर गाडी चांगली टीचभर वर आली.

साखरपुड्यात फुंकलं तर उडेल असा दिसणारा मुलगा! शेरवानीची बटणं जीव मुठीत धरून बसली होती. मामांकडे केळवण, मावश्यांकडे केळवण, आत्यांकडे, मित्रांकडे, मित्रांच्या सासुरवाडीला केळवण. दिवाळीपासून पोरगं ताटावरून उठलेलंच नव्हतं.

मॅडम पुढे झाल्या. एकदा पार्थकडे, एकदा शेवंतीच्या पाठीकडे बघून त्यांनी मान हलवली. "हिच्यावर एवढं वजन नको."

सहादेवचा तोल गेला. "भागवतराव! हितं आमी घोडी सुकवली आन तिकडं तुमी नवरदेव फुगवला!"

"आमी?" भागवतराव चिडले. "केळवनाला बोलावलं तर न्हाई म्हनायचं का? आन पयलं केळवन तुमच्याकडचं, त्यात पुरनपोळ्या कुनी वाढल्या? 'जावईबापू, माझी शपथ हाय,' कोन म्हनत हुतं?"

सहादेवने शपथ घातली होती, तीही दर पोळीला.

"श्रीरामपूरला फोन लावतो," भागवतराव खिसा चाचपत म्हणाले. "ती घोडी दांडगी हाय."

"लावा फोन, आन मग लग्नबी तिच्याच दारात लावा!"

वाजंत्री थांबली. तेवढ्यात मांडवातून हळदीच्या अंगाने राजेश्वरी बाहेर आली.

"कुणाला फोन करायचा नाही," ती म्हणाली. "मी बसते शेवंतीवर. ते येतील चालत. त्यांना चाललेलं बरंच आहे."

"नवरी परन्याला? हे कुठल्या रीतीत बसतं?" भागवतराव म्हणाले.

"नवरदेव तरी कुठं बसतोय?" रंगुबाई म्हणाली, आणि एवढी मोठी भांडणं वैशाखाच्या उन्हात कुणाला परवडतात? पार्थनेच पुढे होऊन हसत रिकीब धरली. राजेश्वरी वर बसली. शेवंतीने कान टवकारले आणि चालू लागली, नाचली नाही, लाइटिंग नाही, पण अशी ऐटीत, की बघणाऱ्यांनी मोबाईल वर धरले. ती परक्याच्या हाताने चालत नाही, म्हणून लगाम सहादेवने स्वतः धरला. उन्हामुळे त्याने फेटा काढून खांद्यावर टाकला होता, कपाळावरून घाम गळत होता आणि छाती अभिमानाने भरून आली होती. लेक घोडीवर, जावई पायी, सगळं गाव दुतर्फा! श्रीरामपूरचं कुणी नाव काढत नव्हतं.

मारुतीच्या पारावर पुण्याहून उशिरा पोचलेली पार्थची एक लांबची आत्या उभी होती. तिला सगळं फार आवडलं. ती कौतुकाने जवळ आली आणि तिने सहादेवच्या हातात द्रोण ठेवला.

"घोडीवाले, सकाळपासून उपाशीच असाल. घ्या, बुंदीचा लाडू आहे." मग तिने शेवंतीकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तिला देऊ नका हं. जरा लठ्ठच आहे."