हिराजीभाऊंचा सायलेन्सर

हिराजीभाऊ आमच्या घरात शिरले की आधी फ्रीज उघडायचे. बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटून रिकामा करायचे, सगळा बर्फ माझ्याच पातेल्यात भरायचे आणि मग दारातून बाहेर पडता पडता विचारायचे, "कशा हाव, वैनी?"

कशी असणार? घरी पाहुणे आले, सरबताला बर्फ नाही. मुलीला ताप चढला, कपाळावर धरायला बर्फ नाही. बर्फ कुठे? तर खाली आवारात, एका जुन्या मोटारीच्या तोंडात.

ही गोष्ट ठाण्याच्या कोपरीतली, नव्वद सालाच्या आगेमागेची. आमची इमारत ज्या जागेवर उभी राहिली तिथे पूर्वी हिराजीभाऊंच्या घरच्यांची जाळी वाळायची. त्या बदल्यात बिल्डरने त्यांना तळमजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. हिराजीभाऊंच्या मते खोल्यांबरोबर सगळं आवारही दिलं होतं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण चांगुणाबाय, एवढीच माणसं. बाय कोपरीच्या बाजारात मासळी विकायची. तरुणपणीच्या कुठल्याशा आजारात तिचे कान पार गेले होते. त्यामुळे ती बोलायची ते खणखणीत, आणि बोलायची फारच कमी. बिल्डिंगमधल्या बायका तिला तुसडी म्हणायच्या.

आणि तिसरी ती गाडी. कोणा खलाशाने परदेशातून आणलेली, गोदीत अडकून पडलेली, शेवटी लिलावात निघालेली जपानी गाडी. टेंपोला दोर बांधून ती आमच्या फाटकातून आत आली तेव्हा तिचा मूळ रंग कुठला यावर सोसायटीत दोन तट पडले. पण हिराजीभाऊंनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हात जोडले.

"टर्बो हाय, वैनी!"

टर्बो म्हणजे काय हे मी विचारलं नव्हतं, तरी मला जिन्यात उभं करून सांगण्यात आलं. गाडीचा जो धूर एरवी वाया जातो तो एका पंख्यावर सोडायचा. त्या पंख्याने दुसरा पंखा फिरतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जितकी हवा जास्त, तितकं पेट्रोल जास्त, तितकी गाडी पिसाट. "गाडीचाच धूर गाडीला पलवतो, हाय का नाय?" माझ्या हातात तेव्हा दळणाचा डबा होता.

पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम नसतो. म्हणून हिराजीभाऊंचा एकच धोशा होता: "हवा थंड पायजे." पंख्याकडून येणारी हवा ते ट्रकच्या एका जुन्या रेडिएटरमधून फिरवून आणायचे आणि त्या रेडिएटरभोवती बर्फ ठासायचे. आमचा ट्रे पुरेना तेव्हा त्यांनी बायच्या मासळीच्या पेटीतला बर्फ वापरायला सुरुवात केली. त्या बर्फात काय काय असायचं ते सांगायला नको. इंजिन तापलं की सगळ्या आवारात बोंबलाचा वास सुटायचा आणि कोपरीतली झाडून सारी मांजरं बॉनेटवर येऊन बसायची. आमचे चेअरमन कर्णिक शुद्ध शाकाहारी. त्यांनी खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या, पण वास काही जाळीला अडत नाही.

हे सगळं कशासाठी? तर शर्यतीसाठी. कल्याणजवळ नेवाळीला इंग्रजांच्या वेळची विमानाची धावपट्टी आहे. ठाणे-कल्याणकडची काही गाडीवेडी पोरं तिथे जमायची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सरळ रेषेत पाव मैल पळवायच्या, जी पुढे ती जिंकली. वळण नाही, चढ नाही, काही नाही. एवढ्यासाठी माणूस दोन वर्षं गाडीखाली झोपतो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

माझा कुकर त्यातच गेला. झालं असं, टर्बोचा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्याला एक झडप असते. ती कशी चालते हे आमच्या ह्यांना समजावताना हिराजीभाऊंना माझी कुकरची शिट्टी दिसली. "आता ही शिट्टी जड केली तर आत काय होल?" असं म्हणून ते ती घेऊन गेले. संध्याकाळी परत आणून दिली, तीही धुऊनपुसून. मला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ लावली. शिट्टी होईना, होईना, आणि मग झाला तो स्फोटच. बुचातून डाळ निघाली ती थेट छताला. शिट्टीच्या आतल्या बाजूला हिराजीभाऊंनी जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी ठोकून बसवले होते आणि काढायचे विसरले होते. धावत वर आले, छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बगा! मी काय बोललेलो? दाब वाढतो!"

आमच्या ह्यांना तर त्यांनी पुरतंच फितवलं. ऑफिसात साधी पिन हरवली तर अर्ज करणारा माणूस, रविवारी बनियनवर गाडीखाली आडवा. डोंबिवलीच्या कोणा टर्नरकडून पंख्याचा दांडा घासून आणायचा होता, तर हे रजा टाकून गेले. माझ्या माहेरी लग्न होतं तेव्हा रजा शिल्लक नव्हती.

मग सुरू झालं वजन. गाडी हलकी पाहिजे. मागची सीट निघाली, ती आमच्या गॅलरीत आली. पुसायची मी, बसायचे हे. खिडक्यांच्या काचा गेल्या, रेडिओ गेला, दारांचं अस्तर गेलं. हॉर्नसुद्धा गेला. "सरल रेषेत कोन आडवा येतंय?" बायच्या मासळीच्या तराजूत एकेक वस्तू जोखली जायची. फक्त एक गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे पुढची डावीकडची सीट. उलट तिच्या आतला फोम काढून तिचा सांगाडा त्यांनी थेट पत्र्याला बोल्टने आवळला. नेवाळीची पोरं येऊन सांगून गेली, आमच्या ह्यांनी सांगितलं, पण हिराजीभाऊंचं उत्तर ठरलेलं, "ती राहू द्या."

आणि आवाज! त्यावरच खरं महाभारत झालं. त्यांनी सायलेन्सर काढून टाकला, कारण त्यात धूर कोंडतो. इंजिनाखाली रबराचे गट्टू असतात, ज्यांच्यामुळे हादरे गाडीला पोचत नाहीत. ते काढून तिथे लोखंडाचे बसवले, कारण रबर म्हणे ताकद खातं. दर रविवारी सकाळी सातला गाडी सुरू व्हायची. आधी खिडक्या थरथरायच्या, मग मांडणीवरचे पेले एकमेकांना धडका द्यायचे. शनिवारी झोपताना आठवणीने काचेचं सामान खाली उतरवून ठेवायची मला सवयच लागली. चांगुणाबाय त्या वेळी डाव्या सीटवर बसलेली असायची, पुढच्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवून. नारळी पौर्णिमेला होडीपुढे नारळ फोडतात तसा तिने या गाडीपुढेही फोडला होता. तेव्हा हाही त्यांच्यातला काही शकुन असेल, अशी मी समजूत करून घेतली. शिवाय तिला काय, तिला थोडंच ऐकू येत होतं? ऐकत होतो आम्ही.

शेवटी सोसायटीची सभा बोलावली. सगळ्यात जास्त मीच बोलले. छतावरचा डाळीचा डाग दाखवायलाही मंडळींना वर नेलं. कर्णिक म्हणाले, "हिराजी, एक तर सायलेन्सर लावा, नाही तर गाडी बाहेर."

"नेवालीची शर्यत होऊ द्या, साहेब."

"ठीक आहे. जिंकून या, मग या आवारात सायलेन्सरचं नाव कोणी काढणार नाही. पण हरलात तर सायलेन्सर लावायचा. आणि ते रबरही."

एरवी हिराजीभाऊ कर्णिकांचं वाक्य पुरं होऊ देत नसत. त्या दिवशी मात्र होऊ दिलं. दारात मासळीची पाटी घेऊन बाय उभी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. मग म्हणाले, "बरं. शब्द दिला."

नेवाळीला मी गेले ती ह्यांच्या हट्टामुळे. गवत, धूळ, चहाची एक गाडी आणि टोळकी करून उभी पोरं. "आजोबांचा डबा आला," असं कोणीतरी ओरडलं. हिराजीभाऊंनी लक्ष दिलं नाही. बाय बर्फाची बादली घेऊन आमच्या शेजारी उभी होती. ती प्रत्येक शर्यतीआधी जाऊन रेडिएटरभोवती बर्फ ठासायची आणि परत यायची. आणि काय सांगू, तो डबा पळाला हो! पहिल्या शर्यतीत पळाला, दुसऱ्या शर्यतीत पळाला. हरलेली पोरं बॉनेटमध्ये डोकी घालून वास घेत होती आणि हिराजीभाऊ त्यांना सांगत होते, "हवा थंड पायजे." आमचे हे स्टॉपवॉच घेऊन नाचत होते. मी नाचले नाही, पण टाळ्या वाजवल्या.

शेवटची शर्यत उरली. बायने बर्फ ठासला, रिकामी बादली माझ्या हातात दिली, डावीकडचं दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसली. दोन्ही तळवे पत्र्यावर.

एकच ओरडा झाला. "अरे आजीला उतरवा!" "वजन, वजन!" ह्यांनी तर कपाळावर हात मारला. मी धावत गेले, तिला खुणा केल्या, दंडाला धरून ओढलंसुद्धा. ती माझ्याकडे बघून गोड हसली. तिला मी इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"हिराजीभाऊ, अहो, तिला सांगा ना! हराल तुम्ही!"

"बसू द्या, वैनी."

"अहो, दोन वर्षं तोळा तोळा वजन कमी केलंत ना?"

"बसू द्या," ते म्हणाले. आपलं हेल्मेट काढून त्यांनी बहिणीच्या डोक्यावर चढवलं, पट्टा नीट बांधला आणि स्वतः बोडक्याने गाडीत बसले.

रुमाल पडला. गाडी गेली. बॉनेटच्या लांबीएवढ्या फरकाने हरली.

मी इतकी चिडले होते की परत आलेल्या गाडीपाशी भांडायलाच गेले. पण दार उघडून बाय उतरली, हेल्मेट कलंडलेलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय. तिने माझा हात ओढून आपल्या छातीवर दाबून धरला आणि सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मना आयकू आला, वैनी! हितं आयकू आला! बाबाची होरी आली!"

हिराजीभाऊ वितळलेला बर्फ उपसत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं. कोळीवाड्यात इंजिनाची पहिली होडी त्यांच्या वडिलांची. खाडीच्या वळणापलीकडे ती असतानाच चांगुणा आवाज ओळखायची आणि घरात ओरडायची, बाबा आले. मग आई भात चढवायची. "मी ल्हान व्हतो. मना काय बी आयकू यायचा नाय, तिला यायचा. मंग तिचं कान गेलं." मग म्हणाले, "सायलेन्सर न् रबर काढून ही गाडी चालू केली तवा ती हात लावून बसलेली. बोलली, आयकू येतंय."

मी रिकामी बादली धरून नुसती उभी राहिले.

शब्द म्हणजे शब्द. पुढच्याच आठवड्यात हिराजीभाऊंनी सायलेन्सर बसवला, लोखंड काढून रबर घातलं. कर्णिकांनी त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

रविवारी सकाळी मला सवयीने जाग आली. मांडणीवरचे पेले जागच्या जागी होते, शनिवारी मी उतरवलेच नव्हते. सात वाजून गेले तरी काही थरथरलं नाही. मी गॅलरीत आले. खाली गाडी उभी होती. हिराजीभाऊ जागेवर, शेजारी बाय, तळवे पत्र्यावर. तिने एक तळवा उचलला, लुगड्याला पुसला आणि पुन्हा ठेवला. मग भावाकडे वळून म्हणाली, "चालू कर ना रं."

मागच्या नळीतून धूर येत होता. गाडी केव्हाची चालू होती.

हिराजीभाऊंनी पाय आणखी दाबला. धूर वाढला. बाय वाट बघत राहिली. "काय झाला? चालू कर ना!" हिराजीभाऊंनी तोंड पलीकडे फिरवलं.

माझा असा काही संताप झाला की मी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकले. "हिराजीभाऊ! काढा तो सायलेन्सर! आत्ताच्या आत्ता काढा!"

ते वर बघत राहिले. "वैनी, शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय, मी नाही दिलेला! आणि ते रबरही काढा. कर्णिकांचं काय ते मी बघते!"

मागे वळून बघते तर हे पाना घेऊन जिना उतरत होते, पायात चपलासुद्धा नव्हत्या. मी आत गेले. मांडणीवरचे काचेचे पेले एकेक करून खाली उतरवले, भिंतीशी ओळीने ठेवले. मग फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला आणि पातेल्यात रिकामा केला.