तुरीच्या कळीत मानाजीराव आणि सकवारबाई यांची गाठ पडली ती हकिकत

श्री धरित्री प्रसन्न. शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सरे, कार्तिक मासी तुरीच्या झाडास कळी आली आणि कळीचे पोटी पराग घडविणारी एक पेशी होती, तेच हे राज्य. राज्यास नाव नव्हते. तेथे गुणसूत्रांच्या अकरा जोड्या नांदत, आणि दर जोडीत एक बापझाडाकडून आलेले, एक आईझाडाकडून. पैकी एका जोडीत मानाजीराव बापाकडचे आणि सकवारबाई आईकडच्या. देह लांब दोऱ्यासारखा, कमरेस आवळलेला, आणि टोके उसवू नयेत म्हणून बांधलेली. झाड उगवल्यापासून दोघे एकाच गढीत राहिली, परंतु गाठभेट नव्हती. ज्याच्या त्याच्या कारभारात जो तो गुंतलेला. मग हुकूम सुटला की राज्याची वाटणी होऊन पराग होणे आहे, आणि प्रत्येकाने आपला जुळा देह घडवून कमरेशी जोडून घेतला, आणि मग जो तो आपली जोडी शोधू लागला. मानाजीराव गर्दीतून वाट काढीत बाईंपाशी आले आणि टोकाशी टोक, कमरेशी कमर अशी उभयता लागून राहिली. रावांस फार संतोष जाहला.

रिवाज असा की जोडीने अंगाचा एकेक तुकडा, ज्या जागेचा त्याच जागेचा, परस्परांस द्यावा; त्या सांध्याने एकमेकांस धरून मध्यावर उभे राहावे, आणि मग दोहो बाजूंचे दोर कमरेस लागून एकाने पूर्वेस जावे, एकाने पश्चिमेस. परतणे नाही. हे ऐकून राव अडून बसले. बोलिले, "आम्ही तुकडा देत नाही आणि घेतही नाही. सांधा नसला म्हणजे दोरांस दिशा कळणार नाही. दोघांस एकीकडेच नेतील, तर बरेच." बाई हसल्या. "अहो, इतके दिवस एका गढीत होतो तेव्हा विचारपूस नव्हती, आणि आता पदर सोडवत नाही होय?" राव बोलिले, "उशीर झाला, म्हणूनच सोडवत नाही." बाई बोलिल्या, "आणि आपण दोघे एकीकडे गेलो तर पलीकडच्या परागात आपले कोण? तो वांझ जाईल. इकडे दोघांची दाटी, हाही धड नाही. बाकीच्या दहा जोड्यांनी तुमचे काय हो वाकडे केले?" राव हळूच बोलिले, "तुटताना दुखेल." "दुखेल. लगेच जोडतातही. आणा इकडे."

मग दोघांच्या जुळ्यांपैकी एकेका देहाचे अंग एके ठायी तुटले आणि बाईंचा तुकडा रावांस सांधला, रावांचा बाईंस, कोठे कमी नाही, जास्त नाही. मग सर्वांनी मध्यावर रांग धरली आणि दोर ताणले, आणि सांधा ताण सोशीत राहिला आणि वेळ आली तेव्हा सुटला. बाई जाता जाता बोलिल्या, "माझे आहे ते नीट ठेवा हो, धसमुसळेपणा नको." राव "बरे" म्हणाले. आणखी बोलायचे होते, पण अंतर पडले. मग दुसरी वाटणी होऊन जुळे देहही विलग जाहले आणि चार पराग बनले, आणि ज्या देहास बाईंचा तुकडा होता तो घेऊन राव एका परागात बसले.

एकंदर मजकूर इतकाच. राज्य सरले, चारही पराग भरीव निघाले, कोणी वांझ गेला नाही. सहवास थोडका, परंतु घडला, याचे उपकार रावांनी मानिले. मग त्यांनी सांधा चाचपून पाहिला, आणि आपण कोठे संपलो आणि बाई कोठून सुरू, ते त्यांस सापडेना.