फक्त तारीख घ्यायची होती!

वकिलीच्या पहिल्याच वर्षात मी नाव काढणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती! नव्या वकिलाला कोणी विचारत नाही, कारण तो नवा दिसतो. माझी ती अडचणच नव्हती. मी वकील झाले तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती आणि माझं डोकं पिंजलेल्या कापसासारखं पांढरंशुभ्र होतं. कायदा मी ओट्याशी उभं राहून शिकले, एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात पुस्तक. पुराव्याच्या कायद्यावर अजून तेलाचे डाग आहेत.

"या केसांकडे बघून कोणीही म्हणेल, हिची हयात कोर्टात गेली!" मी घरी म्हणाले.

"मग तोंड उघडू नकोस, म्हणजे झालं," पेपरातून डोकं वर न काढता नवरा म्हणाला.

आमच्या सरांचंही अगदी हेच मत होतं. सर म्हणजे आमच्या फर्मचे मालक. वयानं माझ्या भाच्याएवढे आणि चेहऱ्यानं त्याच्याहून लहान. गाल असे, की धरून ओढावेसे वाटावेत. ऑफिसातली टायपिस्ट त्यांना पाठीमागे 'बाळवकील' म्हणायची. सर मला चुकून 'काकू' म्हणत आणि लगेच ठसका लागल्यासारखं करून 'मॅडम' म्हणत.

वर्षभर मी फायलींना दोऱ्या बांधल्या. वर्ष सरत आलं. आता मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरायचं होतं. आणि नेमके सर दुसऱ्या कोर्टात अडकले!

"काकू... मॅडम, उद्या सलूनच्या दाव्यात तुम्ही उभ्या राहा. फक्त तारीख घेऊन या."

"आणि युक्तिवाद?"

"तारीख."

"पण न्यायाधीशांनी काही विचारलं तर..."

"तारीख हो, तारीख! एवढं नीट जमलं, तर तुम्ही कायम. नाहीतर मग... बघू."

त्या 'बघू'सरशी मी मुकाट्यानं फाइल उचलली.

सलूनचा दावा म्हणजे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात जुनं प्रकरण. दोन भाऊ, बापाचं एक सलून आणि सलूनात दोन खुर्च्या. त्यातली दाराजवळची खुर्ची 'बाबांची'. ती ज्याची, तोच बाबांचा खरा वारस, असं दोघांच्या डोक्यात बसलेलं. थोरल्यानं शटरला कुलूप ठोकलं. धाकट्यानं शेजारी दुसरं ठोकलं. तेव्हापासून कुलपंही तिथेच आणि दावाही तिथेच. थोरला आमचा अशील. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, कारण नवा वकील अशिलाला दाखवायचा नाही, हा सरांचा नियम. अशील बिचकतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले आणि माझ्या केसांनी जादू केली! शिपायानं उठून खुर्ची दिली. एका तरुण वकिलानं कसलंसं कलम विचारलं. मला ते येत नव्हतं, म्हणून मी गूढ हसले. "आलं लक्षात, मॅडम!" म्हणून तो धावत गेला. माझी छाती अशी फुगली, की काळ्या कोटाचं बटण कुरकुरलं.

व्हरांड्यातल्या बाकाच्या दोन टोकांना दोन भाऊ बसले होते. मध्ये हत्ती बसेल एवढी जागा! एकाचं डोकं तुळतुळीत, त्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडलेलं. दुसऱ्याच्या डोक्यावर काळेभोर दाट कुरळे केस. थोरला कोण, हे सांगायला वकील कशाला हवा? मी थेट टकलू महाराजांच्या शेजारी जाऊन बसले.

"आले हो मी! आता काळजी सोडा."

"तुम्ही आमच्याकडून का?" ते हरखले. "वकीलसाहेबांनी पाठवलं?"

"त्यांनीच! ते दुसऱ्या कोर्टात अडकलेत."

"तरीच अजून आले नाहीत. पण माणूस दांडगं पाठवलं हां!"

पलीकडे काळ्या केसांच्या भावाचा चेहरा खर्रकन उतरला. मला मनातून बरंच वाटलं.

पुकारा झाला. न्यायाधीश वयस्कर, चष्म्याची भिंगं बरणीच्या बुडाएवढी जाड. त्यांना चार हातांपलीकडे नुसते रंग दिसतात, असं शिपाई सांगायचा. त्यांनी माझ्या दिशेनं डोळे बारीक केले.

"वादीतर्फे मी आहे," मी म्हणाले. दोन्ही भावांनी मान डोलावली. आपल्यातला वादी कोण, हे इतक्या वर्षांत दोघांनाही कोणी सांगितलं नसावं!

"वा! या प्रकरणात पहिल्यांदाच कोणी अनुभवी माणूस आलं," न्यायाधीश म्हणाले. "दर वेळी तो एक गोरा पोरगा येतो आणि तारीख मागून पळतो."

तो गोरा पोरगा म्हणजे आमचे सर! मी खोकले.

"मॅडम, तुम्ही मनावर घेतलंत तर मिटेल. दोघांना घेऊन शेजारच्या खोलीत बसा. जेवणाच्या सुट्टीआधी मला काय ते सांगा."

"पण साहेब, तारीख..."

"आज तारीख नाही!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. आयुष्यात एकच गोष्ट मागायची होती आणि तीच मिळाली नव्हती! सरांना फोन लावला, तो बंद. समोरच्या पक्षाच्या वकिलाचा तर पत्ताच नव्हता.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक बंद पडलेला पंखा. आता अशिलाची बाजू हिरिरीनं मांडली नाही, तर घरी बसावं लागणार! मी पदर खोचला आणि काळ्या केसांच्या भावाकडे वळले. कायदा काही आठवेना, म्हणून घरी मुलीला झापते तशी सुरुवात केली.

"काय हो, लाज नाही वाटत? एका आईच्या पोटचे ना तुम्ही? वडिलांच्या दुकानाला कुलूप!"

"आणि त्याचं कुलूप?" तो चिडला. "ते दिसत नाही तुम्हाला?"

"यांचं मी बघते! हे माझ्या शब्दाबाहेर नाहीत." टक्कल जोरजोरात हललं. "आधी तुमचं काढा. आरशावर धूळ साचली असेल, कात्र्या गंजल्या असतील. कशासाठी? एका खुर्चीसाठी?"

"बाबांची खुर्ची आहे ती!"

"बाबांचीच आहे ती!" टकलूही ओरडले. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच एक वाक्य बोलले होते.

"बरं, मला सांगा," मी म्हणाले, "दिवसभरात बाबा तिच्यात केव्हा बसायचे?"

खरं सांगते, यात माझी काही युक्ती नव्हती. पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून विचारलं. पण काळे केस टेबलाकडे बघत राहिले. टक्कल पंख्याकडे बघत राहिलं.

"बसायचे नाहीत," शेवटी काळ्या केसांचा भाऊ हळूच म्हणाला. "ते उभेच असायचे."

"मागे," दुसरा म्हणाला. "खुर्चीच्या मागे. पाय सुजायचे त्यांचे."

"तू चेपायचास."

"तूही चेपायचास की."

मला हुंदका आला. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीला माझे डोळे आधी भरतात. पण मी नोकरी आठवली आणि लोखंड तापलेलं असतानाच घण घातला.

"मग दाराजवळची खुर्ची यांना द्या!" मी टकलूंकडे बोट दाखवून काळ्या केसांच्या भावाला फर्मावलं. "तुम्ही आतली घ्या. आजच शटर उघडा. मन मोठं करा जरा!"

त्यानं नाक ओढलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "घे बाबा. दिली."

जिंकले! पहिल्याच वर्षात, पहिलाच दावा! आता मला कायम करायला सर स्वतः पायऱ्या उतरून येतील!

तेवढ्यात टकलू महाराज उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि काळ्या केसांच्या भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत म्हणाले, "दादा! चुकलं रे माझं, दादा!"

दादा?

माझ्या हातातली फाइल खाली पडली. कोण कोणाला दादा म्हणतंय?

"तुम्ही... थोरले?" मी काळ्या केसांना विचारलं.

"हो. केस रंगवतो ना मी! घरचाच धंदा." त्यानं कुरळ्यांवरून हात फिरवला. "याला टक्कल पंचविशीतच पडलं. आमचा वकील आज आलाच नाही, बरं झालं! आला असता तर तारीखच पडली असती."

"मीच," मी म्हणाले, "तुमची वकील."

थोरल्यानं धाकट्याचं डोकं खांद्यावरून बाजूला केलं.

"मग मघापासून मला का झापत होतात?"

"तुमच्याच भल्यासाठी!" दुसरं काय सांगणार?

न्यायाधीशांसमोर दोघांनी हातात हात घालून मिटल्याचं सांगितलं, तेव्हा धाकट्याचा खरा वकील धापा टाकत आत आला. आपण हरलो की जिंकलो, हे कळेना म्हणून त्यानं दोघांनाही नमस्कार केला.

सरांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या गालांवरचा गुलाबी रंग पार उडाला.

"काकू!" यावेळी ठसका नाही, दुरुस्ती नाही. "आपल्याच अशिलाला हरवलंत? आपलं सगळ्यात जुनं प्रकरण एका सकाळीत संपवलंत?"

"ते आनंदात आहेत हो!"

"अशिलाला आनंदात ठेवायला का बसलोय आपण इथे? उद्यापासून येऊ नका."

मी डबा आणि चष्मा पिशवीत भरला. पण सर त्याच दुपारी दुसऱ्या कामासाठी त्याच न्यायाधीशांपुढे गेले आणि परत आले ते खाली मान घालून.

"काय म्हणाले न्यायाधीश?" टायपिस्टनं विचारलं.

"म्हणाले, बाळ, तुमच्या सीनियर मॅडमकडून काहीतरी शीक. आणि भाडेकरूच्या प्रकरणात त्यांनाच पाठव." मग सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही कायम. सोमवारी भाडेकरूचं प्रकरण आहे. तेवढं मात्र जिंकाच!"

रविवारी सलून उघडलं. दोघा भावांनी मला आग्रहानं बोलावलं, दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. धाकट्यानं मानेला टॉवेल गुंडाळला, थोरल्यानं वाटीत काहीतरी कालवलं. मी डोळे मिटले. किती वर्षांनी कोणीतरी माझ्या डोक्यावरून इतक्या मायेनं हात फिरवत होतं! झोपच लागली मला.

डोळे उघडले, तर आरशात माझी मुलगी बसली होती. काळ्याभोर केसांची!

"आमच्याकडून भेट, मॅडम! वीस वर्षांनी तरुण केलं तुम्हाला!"

सोमवारी कोर्टात शिपायानं खुर्ची दिली नाही. त्या दिवशी कलम विचारणारा तरुण वकील मला ढकलून पुढे गेला. भाडेकरूच्या प्रकरणाचा पुकारा झाला. युक्तिवाद मला तोंडपाठ होता. मी उभी राहिले. न्यायाधीशांनी डोळे बारीक केले.

"तुम्ही कोण?"

"मीच ती, साहेब!"

"मॅडम नाही आल्या?" त्यांचा चेहरा पडला. "ज्युनियरला पाठवलं होय? नको नको, त्याच येऊ देत. पुढची तारीख घ्या."

मी तारीख घेऊन ऑफिसात परतले. वर्षभरात सरांनी सांगितलेलं हे एकच काम मी अगदी शंभर टक्के केलं, फक्त भलत्या दाव्यात! सरांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, कॅलेंडराकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तोवर पांढरे होतील ना, काकू?"