अंथुर्ण्याचे शेडांत 'आओरिता' सर केली, ते हकीकत

श्री. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ वद्य षष्ठी, ते दिवशीं इंदापूर तालुकियांत मौजे अंथुर्णें येथें जो महाथोर प्रसंग गुदरला, तो डोळां दिसला तितका आणि कानीं आला त्याहून किंचित अधिक, येणेंप्रमाणें लिहिला असे.

राजमान्य राजश्री सर्जेराव, डाळिंबबागांचे धनी, यांचे शेडांत फळ वजनावारी निवडणारें यंत्र होतें, तें ऐन तोडणींत बंद पडलें. तीनशें क्रेट भगवा डाळिंब तोडून सज्ज, आणि दारीं कंटेनर उभा, आणि ड्रायव्हराची ताकीद ऐसी जे, पांचाचे ठोक्यास निघणें, माल भरो अथवा न भरो, बंदरींचें जहाज कोणाचे बापाकरितां थांबत नाहीं. मग दुरुस्तीस यंत्राचे कंपनीचे, मेक्सिको मुलुखींचे इंजिनेर राऊलसाहेब पुण्याहून रवाना जाहले, ते सकाळींच दाखल जाहले. साहेब मोठे गुणी. सर्व भाषण मोडक्या इंग्रजींत करीत, परंतु वेळ पुसतांच खासा स्पॅनिश शब्द सोडीत, तो शब्द 'आओरिता'.

सर्जेरावांनीं पुसिलें, यंत्र केव्हां चालेल? साहेब वदले, आओरिता. तेव्हां कन्या श्रेया, बारामतीस कॉलेजांत शिकणार, तिणें मोबाइलाचे कोशांत पाहून अर्ज केला, "तात्या, आत्ता. ताबडतोब." मग हुकूम सुटला आणि बायामाणसांची फौज धांवली आणि शंभर क्रेट पट्ट्यासमोर उन्हांत मांडिले, आणि साहेब पाना खालीं ठेवून, टोपी गुडघ्यावर घालून, सावलींत बसले, ते तासभर हालले नाहींत. फळ तापूं लागलें.

दुसरे खेपेस पुसिलें, जबाब तोच. श्रेयानें कोश तळापावेतों वाचून दुसरा अर्थ सादर केला, "थोड्या वेळानं." मग क्रेट माघारी नेले आणि फौजेस भाकरी खाण्याची रजा दिधली, तों साहेबांनीं उठोन यंत्र चालविलें! पट्टा रिकामाच गरगरला. शेडांत चिटपाखरूं नाहीं. पट्ट्यावर फळ नाहीं, तों वजनाची पारख होईना, म्हणोन साहेब खिन्न जाहले आणि यंत्र थांबवून पुन्हां खोलून बसले.

मग जेवणाचा प्रसंग. सर्जेरावांचे कुटुंब द्वारकाबाई तिसरी भाकरी वाढूं लागल्या, तों साहेब ताटावर हात आडवा धरून म्हणाले, आओरिता, आणि उठोन हात धुतले. येथें सर्जेरावांचा धीर खचला. म्हणाले, "आगं, ही भाषा हाय का चकवा? आत्ता म्हंजी बी त्येच, मागनं म्हंजी बी त्येच, आन् नगं म्हंजी बी त्येच! पाच वाजता कंटेनर गेला म्हंजी त्याला काय म्हनायचं?"

परंतु द्वारकाबाई सामान्य असामी नव्हेत. वीस वर्षें ऊसतोडीचे मुकादमांशीं बोलणीं त्यांनींच केलीं होतीं. त्या म्हणाल्या, "आवो, मुकादम 'निघालोच' म्हनतो, तवा तुमी त्येचं त्वांड बघता व्हय? टोळीनं बैलं जुपली का, त्ये बघता ना? मंग ह्येचं बी हातपाय बघा की. मोबाइलाला काय कळतंय त्यातलं?"

ही मसलत पसंत पडली. श्रेयास जासूद नेमिलें आणि फर्मान निघालें कीं, शब्द बसून उच्चारिल्यास एक चहा ठेवणें. ताट झांकून उच्चारिल्यास वाढूं नये. आणि बाह्या सारून, पाना घेऊन, उभ्यानें उच्चारिल्यास क्षणाचाही विलंब न करणें.

अडीच वाजतां पुसिलें. आओरिता. साहेब बसलेले. फौज चुळबुळली, परंतु सर्जेरावांनीं एक क्रेट हालूं दिला नाहीं, चहा ठेविला. तीन वाजतां पुन्हां पुसिलें. आओरिता. तोंच श्रेया ओरडली, "तात्या, उठले! बाह्या सारल्या!"

मग काय पुसतां! क्रेटामागें क्रेट आणि पेटीमागें पेटी, आणि यंत्र गर्जों लागलें आणि द्वारकाबाई स्वयें पट्ट्यावर उभ्या राहिल्या. शेवटली पेटी चढली तेव्हां पांचास चार मिनिटें उणीं होतीं. ड्रायव्हरानें दार लाविलें आणि कंटेनर बंदराचे वाटेस लागला. फत्ते जाहली.

सायंकाळीं सर्जेरावांनीं अदबीनें पुसिलें, साहेबांची स्वारी पुण्यास केव्हां निघणार? साहेब ओट्यावर, बूट काढून, मांडी घालून, भिंतीस टेकले होते. वदले, आओरिता.

श्रेयानें मोबाइलास हात लाविला नाहीं. द्वारकाबाईंनीं माळ्यावरून गादी उतरविली. साहेबांचा मुक्काम चार दिवस जाहला, ऐसें दप्तरीं नमूद असे.